पोलादाच्या प्रतनामांतील दोन अंक : ताणबल आणि ढळबल

स्थापत्य-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या वहीत ‘एफई ४१०’ आणि ‘एफई ४१५’ ही दोन नावे वर्षानुवर्षे शेजारीशेजारी येत आली आहेत. पहिले नाव छपराच्या कैच्या, तुळया आणि खांब यांसाठी लागणाऱ्या पोलादी कोनांचे, पट्ट्यांचे व पत्र्यांचे. दुसरे काँक्रीटमध्ये घालावयाच्या सळईचे. दोन्हींच्या आरंभी लोहाचे तेच रासायनिक चिन्ह, दोन्हींच्या अंती तीन आकडी संख्या, आणि त्या संख्यांत अंतर अवघे पाचाचे. ही एकाच कुळातील दोन भावंडे असावीत व बळाने जवळजवळ सारखीच असावीत, असा समज कोणाचाही व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. पहिला अंक पोलाद कोठे तुटते ते सांगतो; दुसरा अंक पोलाद कोठे ढळते ते सांगतो. दोहोंना एकाच मापाने मोजावयाचे ठरविले, तर पहिल्या पोलादाचा अंक ४१० नसून २५० आहे आणि दुसऱ्याचा ४१५ च आहे. एकच चिन्ह दोन अर्थांनी आणि तेही एकाच व्यवसायात कसे रूढ झाले, हा प्रश्न धातुविज्ञानाचा आहे तितकाच नामकरणाच्या इतिहासाचाही आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे म्हणूनच अगदी अनाठायी ठरू नये.

प्रथम मूळ घटना पाहू. साध्या पोलादाची एक कांडी यंत्रात दोन्ही टोकांना धरून हळूहळू ओढली, तर आरंभी ती ओढीच्या प्रमाणात लांबते व ओढ काढताच पूर्ववत होते. हे प्रमाण काटेकोर असते. परंतु एक क्षण असा येतो, की ओढ न वाढविताही कांडी लांबू लागते. तेथून मागे फिरणे नाही. ओढ काढली तरी आलेली लांबी कायम राहते. हा पहिला टप्पा. पुढे पोलाद पुन्हा सावरते, अधिक ओढ मागते, एका कमाल मर्यादेपर्यंत ती सोसते, मग एका जागी तिची मान बारीक होते आणि ती तुटते. ही कमाल ओढ मूळ छेदाच्या क्षेत्रफळाने भागली म्हणजे जे येते ते ताणबल. हे सारे अंक आज न्यूटन दर चौरस मिलिमीटर या एककात देतात, व खाली एककाविना दिलेले अंक त्याच एककातील समजावेत. साध्या बांधकाम-पोलादात पहिला टप्पा २५० पाशी येतो व दुसरा ४१० पाशी. दोहोंमधील अंतर केवळ बळाचे नाही. पहिल्या टप्प्यापाशी मीटरभर लांबीची कांडी सव्वा मिलिमीटर वाढलेली असते. तुटेपर्यंत तिने मोजणीच्या लांबीवर किमान २३ टक्के वाढावे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे.

या पहिल्या टप्प्याला मराठीत काय म्हणावे? हिंदी परिभाषेने ‘पराभव’ हा शब्द पत्करला आहे आणि तो मराठी लेखनातही अधूनमधून दिसतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. ज्या बिंदूनंतर पदार्थ आणखी दीडपट भार सोसतो, त्या बिंदूला पराभव म्हणणे हे त्या पदार्थावर अन्याय करण्यासारखे आहे. १९१४ साली हंगेरीच्या काझिंत्सी याने टोके पक्की बसविलेल्या तुळयांवर प्रयोग करून असे दाखविले, की तुळईचा एखादा छेद संपूर्ण ढळला तरी तुळई पडत नाही, भार इतर छेदांकडे जातो. केंब्रिजच्या बेकरने पुढे याच विचारावर अभिकल्पाची एक पूर्ण पद्धत उभारली, आणि १९४१ साली ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यापासून आश्रय देणारे जे घरगुती पोलादी मेज वाटले गेले, ते मुद्दाम ढळावे अशाच हिशेबाने आखलेले होते. घर अंगावर कोसळले की मेज वाकावे व त्या वाकण्यात आघात जिरून जावा, ही त्यामागची कल्पना. येथे ‘पराभव’ हाच उद्दिष्ट होता म्हणावयाची पाळी येते! ‘नमन’ हा दुसरा पर्याय. परंतु तुळई साध्या भारानेही नमते व भार काढताच सरळ होते, म्हणून तोही अपुरा. मराठीत ‘ढळणे’ हे क्रियापद आहे. मन ढळते, निश्चय ढळतो, आसन ढळते. प्रत्येक ठिकाणी आपली जागा सोडणे आणि आपोआप परत न येणे हा अर्थ आहे, परंतु मोडणे हा अर्थ नाही. या लेखात म्हणून ‘ढळबिंदू’ व ‘ढळबल’ हे शब्द योजले आहेत. अभियंत्यांनी ते स्वीकारावेत असा आग्रह नाही.

लोखंडाची प्रत त्याच्या वागणुकीवरून ठरवावी, हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुण्ड, तीक्ष्ण आणि कान्त असे तीन वर्ग केलेले आढळतात. त्यांतील ‘तीक्ष्ण’ म्हणजे पोलाद. जुन्या मराठीतील पोलादवाचक ‘तिखे’ हा शब्द त्याचाच वंशज होय. आपल्या नित्याच्या वापरातला ‘पोलाद’ फारसीतून आलेला आहे. परंतु येथे अधिक लक्षणीय आहे तो मुण्ड वर्गाचा ‘रसरत्नसमुच्चया’त दिलेला पोटभेद : मृदू, कुण्ठ आणि कडार. मृदू ते, जे घणाखाली फुटत नाही. कुण्ठ ते, जे घणाखाली मोठ्या कष्टाने पसरते. कडार ते, जे घाव बसताच फुटते आणि ज्याचा भंग काळा दिसतो. येथे अंक नाहीत. पण ढळणे, कष्टाने ढळणे आणि न ढळता फुटणे या तीन वागणुकी तेथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत, आणि तपासणीचे साधन म्हणून लोहाराचा घण सांगितला आहे. आधुनिक प्रतनामांनी अंक मिळविले. मात्र त्या बदल्यात वागणुकीचे वर्णन काही काळ हातचे गेले, असे म्हणावे लागते.

ते कसे गेले, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडकडे वळले पाहिजे, कारण आपल्या सर्व प्रतनामांचे मूळ तेथील खरेदी-करारांत आहे. डेव्हिड कर्कॉल्डी याने १८६६ साली लंडनमध्ये धातूंच्या परीक्षणाचे स्वतंत्र कार्यालय उघडले. कोणीही आपल्या मालाचा नमुना आणावा, यंत्रात ओढून तोडून घ्यावा आणि अंक घेऊन जावे. तुटणे ही निर्विवाद घटना आहे. दोन तुकडे झाले, की विकणारा व घेणारा दोघेही ते पाहतात. ढळबिंदूचे तसे नव्हते. त्या काळच्या तरफेच्या यंत्रात पोलाद ढळू लागले की तरफेची दांडी एकाएकी खाली पडे, आणि तो क्षण परीक्षकाने नजरेने टिपावा लागे. ओढण्याचा वेग वाढविला की अंक वाढे. त्यातच १८८० च्या दशकात म्यूनिकच्या बाउशिंगर याने दाखवून दिले, की स्थितिस्थापकतेची मर्यादा ही पोलादाची अचल खूण नव्हे. एका दिशेने आधी भार दिला की उलट्या दिशेने ती खाली येते. जो अंक हात, यंत्र आणि पूर्वेतिहास यांप्रमाणे बदलतो, त्यावर करार कसा करावा? म्हणून करारात ताणबल आले. येथे कर्कॉल्डीविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : तुटल्या जागी छेद किती आकसला हेही पाहावे, नुसत्या बळाच्या अंकावर विसंबू नये, असा त्याचा स्वतःचा आग्रह होता. करारांनी त्याचे अर्धेच ऐकले.

अभिकल्पकार मग या तुटीच्या अंकाला एका पूर्णांकाने भागीत असे. त्या भाजकाला सुरक्षा गुणक म्हणत. ब्रिटिश व्यापार मंडळाने १८७७ साली पुलांत पोलाद वापरण्यास अनुमती दिली ती दर चौरस इंचास साडेसहा टन या मर्यादेवर. घडीव लोखंडास ती पाच टन होती. हे साडेसहा टन म्हणजे आजचे सुमारे १००. त्या काळच्या पोलादाच्या ताणबलाचा हा साधारण चौथा हिस्सा. चारच का, पाच किंवा तीन का नाहीत, याला तर्कशुद्ध उत्तर नव्हते. तो अनुभवाचा व सावधपणाचा आकडा होता. ढळबिंदू हिशेबात कोठेच नव्हता, परंतु चाराने भागल्यामुळे तो आपोआप ओलांडला जात नसे. पुढे १९०६ साली पूल व इमारती यांच्या पोलादासाठी पहिले ब्रिटिश मानक निघाले. त्याने ताणबल दर चौरस इंचास २८ ते ३२ टन ठरविले, म्हणजे सुमारे ४३२ ते ४९४. या मानकात ढळबलाचा अंक नव्हता. तो यायला कित्येक दशके लागली.

याचा संबंध वाशीम जिल्ह्याशी दूरचा नाही. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग, ज्याला लोक ‘शकुंतला’ म्हणून ओळखतात, तो वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश भांडवलावर घातला गेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत धावत होते. अशा मार्गावरील त्या काळच्या पोलादाचे मूल्यमापन आज करावयाचे म्हटले, तर अभियंत्याची पहिली अडचण धातूची नसते, कागदाची असते. तत्कालीन विनिर्देशात तुटीची श्रेणी मिळते. आजच्या गणिताला लागणारा ढळबलाचा अंक त्यात नसतो. तो नमुना कापूनच काढावा लागतो.

भारतात पोलाद तयार होऊ लागले तेव्हा हेच करारातील व्याकरण येथे आले. या इतिहासात विदर्भाचा वाटा थोडका नाही, म्हणून क्षणभर विषयांतर करतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजावरचा फॉन श्वार्ट्‌झ यांचा अहवाल पडला, आणि पोलादाचा कारखाना काढण्याचा त्यांचा ध्यास तेथून सुरू झाला. वरोऱ्याचा कोळसा त्या खनिजाला उपयोगी ठरला नाही. पुढे दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात गेले असता समोरच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या गडद खुणांनी भरलेला होता. कारखाना अखेर दुर्गला न होता साकची येथे झाला, आणि दुर्गच्या दल्ली-राजहरा खाणींचे भाग्य १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली तेव्हा उघडले. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलादाची पहिली लगड १६ फेब्रुवारी १९१२ रोजी ओतली गेली. कारखाना उभा राहू शकला त्यामागे सरकारचे एक अभिवचन होते : विनिर्देशाला उतरणारे वीस हजार टन रूळ सरकार दहा वर्षे दरसाल विकत घेईल. ‘विनिर्देशाला उतरणारे’ हे शब्द महत्त्वाचे. भारतीय पोलादाची पहिली ओळख ही खरेदीदाराच्या परीक्षेतील ओळख होती. त्याच कारखान्याने हावडा पुलासाठी अधिक बलवान पोलाद तयार केले, तेव्हा त्याला दिलेले ‘टिस्क्रोम’ हे नाव कंपनीच्या आद्याक्षरांशी क्रोमियमचा सांधा जुळवून केलेले होते. १९४३ साली खुल्या झालेल्या त्या पुलातील सुमारे साडेसव्वीस हजार टनांपैकी तेवीस हजार टन पोलाद याच जातीचे आहे. हे नाव घटकाचे सांगते, बळाचे नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचे बांधकाम-पोलादाचे मानक, क्रमांक २२६, हे १९५० साली निघाले आणि पोलादी बांधकामाच्या अभिकल्पाची संहिता, क्रमांक ८००, ही १९५६ साली. ही दोन कागदपत्रे म्हणजे दोन वेगळ्या बोली आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पहिली बोली गिरणीची व निरीक्षकाची : माल कसा ओळखावा, किती नमुने तोडावेत, किती अंकाला नापास करावे. दुसरी अभिकल्पकाराची : या मालावर किती भार टाकावा. नाव ठेवण्याचा अधिकार पहिल्या बोलीकडे राहिला. मेट्रिक मापे आल्यावर या पोलादाला ‘एसटी ४२’ म्हणू लागले, कारण त्याचे ताणबल दर चौरस मिलिमीटरला किमान ४२ किलोग्रॅम होते. पुढे किलोग्रॅम जाऊन न्यूटन आले आणि ४२ चे ४१० झाले. अभिकल्पाचा हिशेब मात्र तोवर ढळबलावर येऊन स्थिरावला होता. संहितेच्या १९८४ च्या आवृत्तीत ओढीचे अनुज्ञेय प्रतिबल ढळबलाच्या ६० टक्के, म्हणजे २५० ला १५०, असे दिलेले आहे. नाव एका गुणाचे आणि काम दुसऱ्या गुणाने चालते, अशी ही अवस्था होती. भाषेत असे नित्य घडते व कोणाचे काही बिघडत नाही. ‘शाई’ ही निळी असली तरी शाईच. पण शाईवर छप्पर उभे नसते.

संस्थेला या गोंधळाची जाणीव नव्हती असे नाही. पोलादांच्या नामाभिधानाविषयी तिने १९७४ साली जो संकेत प्रसिद्ध केला, त्यात भेद अगदी नेमका सांगितला आहे. ‘एफई’ आणि पुढे अंक असेल तर तो किमान ताणबलाचा. ‘एफई’ नंतर आणखी एक ‘ई’ असेल तर पुढचा अंक ढळबलाचा. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तो अधिकचा ‘ई’ हा अर्थभेदक प्रत्यय होय. या नियमाने ‘एफई ४१०’ हे नाव शुद्ध आहे, आणि सळईचे नाव ‘एफई-ई ४१५’ असावयास हवे होते.

ते तसे का झाले नाही, हे सळईच्या इतिहासावरून उलगडते. साध्या गुळगुळीत सळईचे ढळबल २५० च्या आसपास असे. १९६० च्या दशकात थंड अवस्थेत पीळ दिलेली सळई भारतात आली आणि गवंड्यापासून कंत्राटदारापर्यंत सर्वांनी तिला ‘टॉर’ म्हटले. हे नाव प्रक्रियेचे : अंगावरील पीळ डोळ्यांना दिसत असे व तोच तिची ओळख होता. पुढे लाटतानाच पाण्याच्या फवाऱ्याने वरचा थर एकाएकी थंड करून बनविलेली सळई आली. तिचे ‘टीएमटी’ हेही नाव प्रक्रियेचेच. जालन्याच्या लाटण-गिरण्यांनी ते मराठवाड्याच्या व विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचविले. अंकाकडे पाहू लागलो तर दिसते ते असे, की पीळ दिलेल्या पोलादात ढळबिंदू स्पष्ट उमटतच नाही. तेथे ०·२ टक्के कायम वाढ उरेल एवढे प्रतिबल हेच ढळबल मानावे, असा संकेत करावा लागतो. किलोग्रॅमच्या काळात हा अंक ४२·५ होता. न्यूटनमध्ये तो ४१५ झाला. आणि काँक्रीटच्या अभिकल्पकाराला सळईच्या तुटीशी काही कर्तव्य नव्हते. १९७८ च्या काँक्रीट-संहितेतील सूत्रांत सळईचा ढळबल तेवढा येतो, त्याचे ८७ टक्के घेतात आणि पुढे जातात. ज्या गटाला एकच अंक माहीत असतो, त्याला तो कशाचा हे सांगणारा प्रत्यय लागत नाही. ‘एफई ४१५’ हे अशा एका व्यवसायगटाचे घरगुती नाव आहे. घरात ते निर्धोक होते. घोटाळा झाला तो दोन घरे एकाच आराखड्यात आली तेव्हा.

हा घोटाळा किती महाग पडू शकतो, ते एका छोट्या हिशेबाने दाखविता येईल. शंभर मिलिमीटर रुंद व दहा मिलिमीटर जाड अशी पट्टी कापसाच्या गुदामाच्या कैचीत ओढ सोसण्यासाठी लावावयाची आहे. तिचा छेद १००० चौरस मिलिमीटर. २००७ च्या संहितेप्रमाणे ढळबल २५० धरून व १·१० ने भागून तिची क्षमता सुमारे २२७ किलोन्यूटन येते. कोणी नावातील ४१० हाच ढळबलाचा अंक समजला, सळईच्या ४१५ ची सवय असलेल्याला हे अगदी सहज घडावे, तर त्याला तीच पट्टी ३७३ किलोन्यूटन सोसेल असे वाटेल. चूक चौसष्ट टक्क्यांची आणि धोक्याच्या बाजूची. हिशेब पाहणाऱ्याला ती सहजासहजी दिसणारही नाही, कारण बेरीज-गुणाकार बरोबर असतील व नावही बरोबर लिहिलेले असेल.

२००६ साली मानक क्रमांक २०६२ ची नवी आवृत्ती निघाली. २२६ क्रमांकाचे जुने मानक त्याच्या आधीच, १९९२ मध्ये, त्यात विलीन झालेले होते. या आवृत्तीत प्रतनामे ढळबलावरून ठेवली गेली : ई २५०, ई ३००, ई ३५०, ई ४१०, ई ४५०. मात्र नव्या नावाशेजारी जुनेही ठेवले, ‘ई २५०’ आणि त्याला लागून ‘एफई ४१० डब्ल्यू’. हे जोडनाव पाहून प्रस्तुत लेखकास १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्या ताम्रपटातील वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. प्रतिष्ठेसाठी एक भाषा, कामासाठी दुसरी. मानकातही जुने नाव परंपरेसाठी ठेवले होते व नवे व्यवहारासाठी. २०११ च्या आवृत्तीत परंपरेचे नाव गळाले, आणि प्रतींची रांग ई ६५० पर्यंत वाढली. युरोपातही हेच स्थित्यंतर झाले होते : जर्मन ‘एसटी ३७’ मधील अंक ताणबलाचा, १९९० च्या युरोपीय मानकातील ‘एफई ३६०’ मधीलही ताणबलाचाच, आणि १९९३ पासूनच्या ‘एस २३५’ मधील अंक ढळबलाचा. तिन्ही नावे मूलतः एकाच पोलादाची. आपल्याकडे एक नवीन काटा मात्र उगवला. ‘एफई ४१०’ व ‘ई ४१०’ ही आता दोन अगदी भिन्न पोलादे आहेत. पहिल्याचे ढळबल २५०, दुसऱ्याचे ४१०. वत्सगुल्माचे वाशीम झाले तेव्हा गाव तेच राहिले व उच्चार पालटला. येथे अंक तोच राहिला आणि पोलाद पालटले.

या इतिहासाकडे ताणबलाकडून ढळबलाकडे झालेली सरळ प्रगती म्हणून पाहणे सोयीचे आहे, पण ते खरे नव्हे. ज्या २००७ च्या संहितेने ढळबलाला मध्यवर्ती स्थान दिले, तिनेच ताणबलाला दुसऱ्या दाराने पुन्हा आत घेतले. वरच्याच पट्टीला टोकाशी बोल्टसाठी बावीस मिलिमीटरचे एक छिद्र पाडले, तर उरलेला छेद ७८०. अशा छिद्रापाशी पोलाद थोडे ढळले तरी बिघडत नाही, कारण ढळणारी लांबी अगदी अल्प असते. तेथे भीती तुटण्याची. म्हणून तेथे ताणबल ४१० घेऊन, त्याचे ९० टक्के करून, १·२५ या मोठ्या गुणकाने भागतात. उत्तर २३० किलोन्यूटन. ते २२७ हून अधिक आहे, म्हणजे पट्टी आधी अंगभर ढळेल, छिद्रापाशी तुटणार नाही. परंतु एका ओळीत अठरा मिलिमीटरची दोन छिद्रे पाडली, तर क्षमता १८९ वर येते आणि पट्टी न ढळता तुटण्याची शक्यता उत्पन्न होते. अभिकल्पकाराला दोन्ही अंक हवेत. ढळण्याला १·१० आणि तुटण्याला १·२५ असे वेगळे गुणक ठेवण्यात संहितेने एक निवाडाही दिला आहे : ढळणे सांगून येते, तुटणे सांगून येत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा मराठी माणसाला प्रिय असला, तरी तुळईच्या अंगी तो असू नये याचीच ही तजवीज होय.

प्रत वाढत जाते तसा हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ई २५० मध्ये ताणबलाचे ढळबलाशी गुणोत्तर १·६४ आहे. ई ३५० मध्ये ४९० ला ३५० ने भागता ते १·४० होते. ई ४५० मध्ये १·२७. ई ५५० मध्ये १·१८. नावातील अंक फुगतो आणि ढळण्यापासून तुटण्यापर्यंतचे अंतर आकसत जाते. नावात पहिलाच अंक असल्यामुळे हे आकसणे नावावरून कळत नाही. अधिक प्रतीचे पोलाद अधिक ताठ असते हाही असाच एक गैरसमज. स्थितिस्थापकतेचा गुणांक सर्व प्रतींना जवळजवळ सारखाच, दोन लाख. ई ४५० ची सडपातळ तुळई भार सोसेल, पण झोकाही अधिक खाईल.

सळईच्या बाबतीत वागणुकीचे वर्णन नावात परत आले, ते भूकंपांच्या धास्तीने. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तेथील हानी मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींची होती, काँक्रीटची नव्हे. परंतु काँक्रीटच्या चौकटींना भूकंपात तन्यता कशी द्यावी याविषयीचे स्वतंत्र मानक त्याच वर्षीचे आहे. त्याने एफई ४१५ हून वरची सळई अशा कामांत निषिद्ध ठरविली. अधिक बळ म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे, असे एका मानकाने जाहीरपणे म्हणावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे २००८ साली सळईच्या मानकात ‘डी’ हे अक्षर आले. वाशीम किंवा रिसोडच्या दुकानात ‘पाचशे डी’ मागितली जाते, तेव्हा त्या ‘डी’ चा अर्थ तन्यता असा आहे. साध्या ५०० ने तुटेपर्यंत किमान १२ टक्के वाढावे, ‘डी’ ने १६ टक्के; साध्या ५०० मध्ये ताणबल ढळबलाच्या किमान १·०८ पट असावे, ‘डी’ मध्ये १·१० पट. मृदू, कुण्ठ व कडार यांच्या जातीचे हे अक्षर आहे, फक्त घणाऐवजी यंत्र आले. दुकानात किंमत सांगताना हे अक्षर उच्चारले जाते व पावतीवर पुष्कळदा गळते. ते पावतीवर लिहून घ्यावे.

समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून गेला, त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. नव्या कामांच्या आराखड्यांत नवी नावे असतात. परंतु जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या शेडा, गुदामे, सहकारी संस्थांच्या इमारती यांचे नूतनीकरण जेव्हा निघते, तेव्हा हाती येणाऱ्या नकाशावर कधी ‘एसटी ४२’, कधी ‘एफई ४१०’, कधी नुसता मानकाचा क्रमांक आढळावा. अशा वेळी नकाशावरील सन आधी वाचावा. ‘एसटी ४२’ असेल तर अंक किलोग्रॅमचा व ताणबलाचा. ढळबल वीस मिलिमीटरपर्यंतच्या जाडीस २६ किलोग्रॅम, त्यापुढे चाळीसपर्यंत २४, आणि त्याहून जाड असल्यास २३, कारण जाड पोलाद लाटल्यावर सावकाश निवते. आजच्या मानकातही ही उतरण २५०, २४० आणि २३० अशी कायम आहे. ती कोणत्याही नावात लिहिलेली नसते. नकाशावर सन नसेल, किंवा बांधकाम १९५० पूर्वीचे असेल, तर कमी भाराच्या जागेवरून एक पट्टी कापून ती ओढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या प्रयोगाच्या अहवालात दोन्ही अंक, तसेच तुटेपर्यंतची वाढ, अशा तिन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतात.